भाव करण्याची लाज

आम्हां मध्यमवर्गीय मराठी माणसांना भाव करता येत नाही असे जर कोणी म्हणत असेल, तर ते साफ खोटे आहे. मेथीच्या जुडीमागे दोन रुपये सुटावेत म्हणून भर पावसात, एका हाताने छत्री सावरीत, दहा-दहा मिनिटे उभे राहणारे सद्गृहस्थ मी पाहिले आहेत. दिवाळीच्या तोंडावर पणत्या विकावयास बसलेल्या म्हातारीशी डझनामागे पाच रुपयांसाठी हुज्जत घालून, वर एक पणती फुकट उचलून पिशवीत टाकणाऱ्या सुशिक्षित बायाही मी पाहिल्या आहेत. रद्दीवाल्याच्या तराजूकडे आम्ही जितक्या संशयाने पाहतो तितक्या संशयाने फौजदारही चोराकडे पाहत नसेल. तेव्हा ही विद्या आमच्या अंगी नाही असे नाही. ती भरपूर आहे. फक्त ती जिथे चालवावयास हवी तिथे आम्ही तोंड मिटून बसतो, आणि जिथे चालवू नये तिथे तिची धार दाखवितो.

हेच सद्गृहस्थ नवी मोटार घ्यावयास जातात तेव्हा त्यांचे काय होते ते पाहा. काचेचा दरवाजा आपोआप बाजूला सरतो. आतून गार वारा येतो. टाय बांधलेला एक मुलगा ‘या सर’ म्हणतो, दुसरा कॉफी आणून ठेवतो, आणि पाच मिनिटांत आमचे सद्गृहस्थ लग्नाच्या मांडवातल्या मुलीच्या बापासारखे दिसू लागतात. समोरून जे मागितले जाईल ते कबूल, आणि वर चेहऱ्यावर हसू. दहा लाखांचा व्यवहार अर्ध्या तासात उरकतो. पणतीवालीशी दहा मिनिटे लागली होती!

माझे म्हणणे असे आहे की, नव्याने बाजारात आलेल्या मोटारीचा भाव करणे यात कमीपणा मुळीच नाही. कमीपणा न करण्यात आहे. आणि ही न करण्याची ऐट आपण पुष्कळदा दुसऱ्याच्या पैशावर मिरवितो. (संपादकमहाशयांनी क्षमा करावी. याच अंकात पुढेमागे एखाद्या मोटारीची रंगीत जाहिरात असेल. माझे भांडण मोटारीशी नाही. मोटारी चांगल्याच असतात.)

मी या विषयातला तज्ज्ञ नव्हे. शाळेत चित्रकला शिकवितो. शिक्षण म्हणाल तर जुन्या भाषेत मॅट्रिक, नि त्यावर चित्रकलेची पदविका. काही कादंबऱ्या लिहिल्या आहेत, त्यांतले नायक बहुधा एस.टी.नेच प्रवास करतात. परंतु बेरीज-वजाबाकी मला येते, आणि एका व्यवहारात मी स्वतः अपराधी आहे. ती हकीकत सांगितल्याशिवाय पुढे बोलण्याचा मला अधिकार नाही.

माझी थोरली बहीण ब्लाउज शिवते. मेहुणे गेल्यापासून घर तिच्या मशीनवरच चालले. मुलगा शिकला, खतांच्या एका कंपनीत फिरतीच्या नोकरीला लागला, आणि मोटरसायकलवरून गावोगाव हिंडू लागला. एका पावसाळ्यात ऊसवाल्या रस्त्यावरच्या चिखलात घसरला नि हात मोडून घरी आला. प्लॅस्टर उतरले त्या दिवशी ताईने ठरविले की, मोटार घ्यावयाची. निम्मे पैसे तिच्या साठवणीतले, निम्मे बँकेचे. मुहूर्त २०२४ च्या दसऱ्याचा. गाडी पसंत केली भाच्याने, तीही अगदी नुकती बाजारात आलेली. मोबाइलवर तिची चित्रे पाहून पाहून पोराला तिचे दिवे झोपेतसुद्धा दिसत असावेत. “मामा, तुम्ही चला,” तो म्हणाला, “तुम्ही मास्तर. तुमच्यापुढे ते नीट बोलतील.”

नीट बोलले. इतके नीट बोलले की मी पुरता विरघळलो. जिल्ह्याच्या गावचे ते दालन. नाव सांगत नाही, कारण जे तिथे झाले ते इतरत्र होत नसेल असे मला वाटत नाही. मुलाने एक कागद छापून आणला आणि आमच्यापुढे ठेवला. त्याला ते ‘कोटेशन’ म्हणतात. तो कागद माझ्याजवळ अजून आहे, आणि वाचकहो, माझ्या कोणत्याही कादंबरीपेक्षा त्यात कल्पनाशक्ती अधिक आहे.

पहिली ओळ मोटारीच्या किमतीची, एक्स-शोरूम म्हणतात ती: ८,४९,००० रुपये. ही कंपनीने जाहीर केलेली. वर्तमानपत्रात आलेली, खरी. दुसरी ओळ नोंदणीची, ‘आर.टी.ओ.’ एवढेच लिहिलेले: १,०४,५००. तिसरी विम्याची: ५१,३००. मग ‘हँडलिंग’ ७,५००. मग ‘एसेन्शियल किट’ २४,९००. मग वाढीव हमी, म्हणजे एक्स्टेंडेड वॉरंटी, १९,४००. मग रंगावर चढवावयाचे कसलेसे लेपन १२,०००. शेवटी फास्टॅग १,०००. एकूण १०,६९,६००. आठ लाख एकोणपन्नास हजारांची मोटार घ्यावयास निघालेला माणूस कॉफी संपेपर्यंत पावणेअकरा लाखांच्या उंबरठ्यावर येऊन उभा राहतो, तो असा.

ताईने चष्मा लावला. मापाच्या वहीवर ठेवते तसे तिने कागदावर बोट ठेवले आणि एकेक ओळ खाली येऊ लागली. ‘हँडलिंग’पाशी बोट थांबले.

“बाळा, हे काय असतं रे?”

“मॅडम, ते कंपल्सरी असतं.”

“बरं. मग ह्यातलं सरकारात किती जातं आणि तुमच्याकडं किती राहतं, तेवढं वेगवेगळं लिहून दे बघू.”

याहून शहाणा प्रश्न त्या दालनात त्या दिवशी कोणी विचारला नसेल. मुलगा गडबडला. पलीकडच्या टेबलावर एक डॉक्टर की इंजिनीअर, असा कोणी चांगल्या कपड्यांतला गृहस्थ बसला होता, त्याने मान वळवून आमच्याकडे पाहिले. आणि मी, मुलांना ताठ मानेने उभे राहावयास शिकविणारा मास्तर, खाली वाकून ताईच्या कानात म्हणालो, “असू दे गं. लोक बघताहेत.”

ताईने बोट उचलले. चष्मा काढून डबीत ठेवला. भाच्याने सही केली.

पुढे दोन-तीन महिन्यांनी, ती मोटार दारात उभी असताना, मी त्या कागदाचा हिशेब मांडला. तेव्हाच मांडावयास हवा होता. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या खासगी पेट्रोल मोटारीला त्या वर्षी शेकडा अकरा एकरकमी कर होता. आठ लाख एकोणपन्नास हजारांवर तो ९३,३९० होतो. नोंदणीची फी, कर्जाचा बोजा चढविण्याची फी वगैरे किरकोळ धरून सरकारी पावतीवरचा आकडा अठ्ठ्याण्णव हजारांच्या आत होता. म्हणजे साडेसहा हजार वाटेतच मुरले. सरकारच्या नावाखाली जे मागितले जाते ते सगळे सरकारला मिळते, अशी आमची भाबडी समजूत असते. पावती मागितली तर ती मिळते. आम्ही मागत नाही.

विम्याचे त्याहून मौजेचे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तीन वर्षांचा तृतीय पक्ष विमा सक्तीचा झाला. तो योग्यच आहे. आपल्या गाडीखाली सापडणाऱ्याची ती सोय आहे. त्याचा दर सगळीकडे सारखा. हजार ते पंधराशे सी.सी.च्या मोटारीला तीन वर्षांचे १०,६४० रुपये अधिक कर, हा २०२२ साली ठरलेला दर तेव्हा चालू होता. राहिला आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा. तो एकेक वर्षाचा घेता येतो, त्याचा दर प्रत्येक कंपनीचा निराळा, आणि तो गाडी विकणाऱ्याकडूनच घेतला पाहिजे असा कोणताही कायदा नाही. उलट विमा नियामकांनी २०१७ सालीच गाडीविक्रेत्यांना बजावले आहे की, गिऱ्हाइकावर अमुकच विमा लादू नये. आमच्या कागदावरचा ५१,३०० चा विमा, त्याच अटींसह, बाहेर ३७,८०० ला मिळत होता. साडेतेरा हजार गेले. मी दोन ठिकाणी नुसती चौकशी केली असती तर अर्धा तास गेला असता.

‘हँडलिंग’चे साडेसात हजार म्हणजे काय, तर कंपनीची गाडी विकणाऱ्याने आपल्या गोदामातून आपल्या दुकानात आणल्याचे. किराणा दुकानदाराने साखरेच्या भावावर ‘पोते उचलण्याचे’ म्हणून वेगळे पैसे मागावेत, तसे. आणि ते ‘एसेन्शियल किट’! आवश्यक साज! त्यात चटया होत्या, चिखल अडविणारे रबराचे तुकडे होते, एक अत्तराची कुपी, बसण्यावर घालावयाची आवरणे, आणि पुढे चिकटविण्यासाठी एक इवलासा गणपती. पंचवीस हजारांना. गणपती विकत घेताना आम्ही पूर्वी तो ‘भक्तीने घेतला’ म्हणायचो. आता तो ‘किटमध्ये आला’ म्हणतो. लेपनाच्या बारा हजारांविषयी मी बोलत नाही. नव्या कोऱ्या रंगाला पहिल्याच दिवशी औषध कशाला, हे मला चित्रकलेचा मास्तर असूनही कळलेले नाही.

वाढीव हमी मी सोडून देतो. ती कोणाला हवीशी वाटेल; पण तीही नंतर, मूळ हमी चालू असेपर्यंत केव्हाही घेता येते, हे आम्हांला कोणी सांगितले नाही.

साडेसहा, साडेतेरा, साडेसात, चोवीस हजार नऊशे आणि बारा. चौसष्ट हजार चारशे. चटया वगैरे बाहेरून घ्याव्या लागल्याच असत्या, त्यांचे तीन-साडेतीन हजार वजा करा. एकसष्ट हजार रुपये. ताई एका साध्या ब्लाउजचे अडीचशे घेते. मी वहीच्या कोपऱ्यात भागाकार केला: दोनशे चव्वेचाळीस ब्लाउज. काखेची, गळ्याची, बाह्यांची मापे घेऊन, अस्तर लावून, हुका टाचून दोनशे चव्वेचाळीस ब्लाउज तिने कोणासाठी शिवले? पलीकडच्या टेबलावरच्या एका अनोळखी गृहस्थाला आम्ही गरीब वाटू नये, एवढ्यासाठी.

ही लाज आली कुठून, याचा मी पुष्कळ विचार केला. माझ्या मते ती आमच्या बापजाद्यांच्या काळातली आहे, आणि तेव्हा तिला कारण होते. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणाऱ्या फियाटसाठी १९६० च्या सुमारास माणसे वर्षानुवर्षे नंबर लावून बसत. बजाजच्या स्कूटरची गोष्ट तर पुण्यामुंबईच्या प्रत्येक घरात सांगितली जाई. मुलगी पाळण्यात असताना नाव नोंदवावे, म्हणजे तिच्या लग्नात जावयाला स्कूटर देता येईल, असा तो विनोद. विनोद म्हणावयाचा, पण दहा-दहा वर्षे थांबणारे खरोखरच होते. ज्याचा नंबर लागे तो तीच गाडी दुसऱ्या दिवशी ‘ऑन’ घेऊन विकू शके. १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींनी पहिल्या मारुतीची किल्ली दिली. तिची किंमत होती पन्नास हजारांच्या आसपास. तिच्यासाठीही लोक वर पैसे मोजावयास तयार होते. अशा काळात विकणारा म्हणजे दाता आणि घेणारा म्हणजे याचक. दात्याशी भाव कसला करावयाचा? मिळाली हेच नशीब.

परंतु तो काळ संपला. १९९३ मध्ये मोटारधंद्यावरचा परवान्यांचा फास सुटला, एकामागून एक परदेशी कंपन्या आल्या, देशी कंपन्या सरसावल्या, आणि एकाच किमतीच्या डझनभर मोटारी एकाच रस्त्यावरच्या निरनिराळ्या दालनांत उभ्या राहिल्या. याचक आता विकणारा आहे, घेणारा नव्हे! पण पाठीचा बाक तसाच राहिला. आणि कंपन्यांनी तो बरोबर ओळखला. गाड्या मुबलक झाल्या, तरी नव्या गाडीभोवती रांग मात्र उभी राहिली पाहिजे, याची व्यवस्था त्या करतात.

३० जुलै २०२२ ला स्कॉर्पिओ-एन या गाडीची नोंदणी सुरू झाली, तेव्हा पहिल्या एका मिनिटात पंचवीस हजार आणि अर्ध्या तासाच्या आत एक लाख लोकांनी आपली नावे घातली. पहिल्या पंचवीस हजारांना प्रारंभिक किंमत लागू, असे आधीच जाहीर झाले होते. ३ ऑक्टोबर २०२४ ला, ऐन घटस्थापनेच्या दिवशी, थार रॉक्सची नोंदणी उघडली आणि तासाभरात एक लाख शहात्तर हजार नावे आली. गाड्या उत्तम असतील. मला कंपनीला दोष द्यावयाचा नाही. आपला माल खपविणे हे तिचे कामच आहे. मला विचारावयाचे आहे ते नाव घालणाऱ्यांना. घरातल्या माणसांशी ‘घ्यावी का?’ एवढे बोलावयास एक मिनिट पुरते काय? पुष्कळ वेळा तर किंमत जाहीर होण्यापूर्वीच नोंदणी उघडते, आणि लोक अकरा हजार किंवा एकवीस हजार भरून मोकळे होतात. भाव ऐकण्याआधी वांग्यांचे पैसे मोजणारी एक तरी बाई मंडईत दाखवा. लोक तिला वेड्यात काढतील.

आता आक्षेप येतील, आले पाहिजेत. पहिला असा की, “अहो, नव्या गाडीवर सूट नसतेच. किंमत कंपनीने ठरविलेली. तिथे डोके आपटून उपयोग काय?” हे खरे आहे, आणि जे खरे आहे ते मान्य केले पाहिजे. गाडी नवी, मागणी जोरात, अशा पहिल्या काही महिन्यांत कागदावरची पहिली ओळ हलत नाही. तिच्याशी झुंजू नका. श्वास वाया जातो. परंतु पहिल्या ओळीखाली सात ओळी असतात, आणि पहिली हलत नाही म्हणूनच खालच्या सात फुगविलेल्या असतात. मोटारीच्या विक्रीवर विकणाऱ्याला फार थोडे सुटते. त्याची खरी कमाई विमा, कर्ज, साज आणि हमी यांत असते. तुम्ही “सूट द्या” म्हणता तेव्हा तो हात जोडतो. “ही ओळ काढा” म्हणा, मग तो आपल्या साहेबाला विचारावयास आत जातो. आत गेला की समजावे, ओळ निघते.

दुसरा आक्षेप माझ्याच व्यवसायबंधूंचा. “एवढ्या मोठ्या रकमेत पाच-पन्नास हजारांसाठी कोण घासाघीस करीत बसणार?” हे वाक्य मी स्टाफरूममध्ये इतक्यांदा ऐकले आहे की, महागाई भत्त्याच्या थकबाकीसाठी मोर्चा काढणारी हीच का ती माणसे, असा प्रश्न पडतो. मोठ्या रकमेच्या सावलीत लहान रकमा उभ्या राहिल्या की त्या लहान दिसतात, एवढेच. त्या घरी आणून मशीनशेजारी ठेवून पाहाव्यात.

तिसरा आक्षेप त्या टायवाल्या मुलाच्या पोटाचा. तो मला खरा बोचतो. असा एक मुलगा माझ्या ओळखीचा आहे. त्याने सांगितले की, पगार जेमतेम. महिन्याला इतक्या गाड्या, इतके विमे, इतके साज खपविलेच पाहिजेत. न खपविले तर साहेब सगळ्यांदेखत उभे करतो. तेव्हा त्या मुलावर ओरडून, पाच दुकानांची कोटेशने त्याच्या तोंडासमोर नाचवून, शेवटी दोन हजार नि एक छत्री मिळवून गावभर फुशारकी मारणारे जे वीर आहेत, त्यांच्या पंक्तीला मला बसावयाचे नाही. ते पणतीवालीशी भांडणारेच. फक्त काचेच्या दरवाजातून आत आलेले. पणती वीस रुपयांना घ्या. रद्दीवाल्याला किलोभर सोडून द्या. आणि मुलाशी गोड बोलून, कॉफी पिऊन, साहेबाने छापलेल्या ओळी एकेक करून खोडा. दोन्ही एकाच माणसाला जमू शकते.

न्याय्य भाव म्हणजे सर्वांत कमी भाव नव्हे. कंपनीने जाहीर केलेली किंमत, सरकारचे जे सरकारला जाते ते पावतीप्रमाणे, विमा बाजारात ज्या दराने मिळतो त्या दराने, आणि आपण स्वतःहून जे मागितले ते. यापलीकडे जे द्यावयाचे ते दान आहे. आणि दान करावयाचेच असेल तर आमच्या शाळेच्या छपराला ते हवे आहे.

यासाठी फार विद्वत्ता लागत नाही. एकाच कंपनीची दोन-तीन दालने दोन-तीन गावांत असतात. तिन्हीकडून तपशीलवार कागद मागवावा, नुसता एकूण आकडा घेऊ नये. विमा आम्ही बाहेरून घेऊ, असे पहिल्याच भेटीत सांगावे. कर्जाचा दर आपल्या बँकेत आधी विचारावा. डिसेंबरात घेत असाल तर फॉर्म २२ वर गाडी कोणत्या महिन्यात बनली ते पाहावे. जानेवारीत तीच गाडी ‘मागच्या वर्षाची’ होते, म्हणून डिसेंबरात विकणारा घायकुतीला येतो. आणि सही त्याच दिवशी करू नये. घरी यावे, जेवावे, झोपावे. दुसऱ्या दिवशी फोन येतो, आणि त्या फोनवर जे आकडे ऐकू येतात ते आदल्या दिवशीच्या कागदावर नसतात.

मुहूर्ताचे मात्र बोललेच पाहिजे. दसरा, पाडवा, अक्षय्य तृतीया या दिवशी घरात वाहन यावे ही इच्छा मोठी गोड आहे. माझ्याही घरात झेंडूच्या माळा होतात. पण मुहूर्त आम्हांला जितका ठाऊक असतो तितकाच तो विकणाऱ्यालाही ठाऊक असतो. नवमीच्या संध्याकाळी घाम पुसत दालनात शिरणाऱ्या माणसाला कोण सूट देईल? सौदा पितृपक्षात करावा. त्या पंधरवड्यात दालने ओस असतात आणि मुले माशा मारीत बसतात. पितर कोपणार नाहीत; चार पैसे वाचविल्याबद्दल आशीर्वादच देतील. मग गाडी दसऱ्याला आणावी, पूजा करावी, चाकाखाली लिंबू ठेवावे.

थांबण्याचीही एक किंमत असते आणि न थांबण्याचीही. २२ सप्टेंबर २०२५ ला लहान पेट्रोल मोटारीवरचा कर शेकडा एकोणतीसवरून अठरावर आला. आमच्या मोटारीच्या मूळ किमतीत त्या हिशेबाने सुमारे बहात्तर हजारांचा फरक पडतो, आणि किंमत उतरली की नोंदणीचा करही आठेक हजारांनी उतरतो. हे आदल्या वर्षी कोणाला ठाऊक असणे शक्य नव्हते. त्याबद्दल मी कोणाला बोल लावीत नाही, स्वतःलाही नाही. पण भाच्याचा हात तेव्हा बरा झाला होता, जुनी मोटरसायकल चालत होती, आणि नवी गाडी पहिल्याच दसऱ्याला दारात आली नसती तर कोणाचे लग्न मोडणार नव्हते, हेही तितकेच खरे.

कर उतरल्यावर भाच्याच्या कंपनीतल्या एका सोबत्याने तीच मोटार घ्यावयाचे ठरविले. तोही फिरतीवरचा, वडील शेतकरी. आमचा जुना कागद पाहावयास म्हणून तो घरी आला. ताईने मशीन थांबविले, चष्मा लावला आणि त्याच्या नव्या कोटेशनवर बोट ठेवले. पहिली ओळ उतरलेली होती. खाली ‘हँडलिंग’ होते. ‘एसेन्शियल किट’ होते. लेपन होते. किटमधला गणपतीही होता.

“उद्या मी येते तुझ्याबरोबर,” ताई त्याला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ते दोघे गेले. दोन तास बसले म्हणे. हँडलिंग निघाले, लेपन निघाले, किटातल्या फक्त चटया राहिल्या, त्याही वेगळ्या भावाने. विमा मुलाने बाहेरून आणला. टायवाल्या मुलाला ताईने जाताना चिवड्याची पुडी दिली, नि साहेबाला सांगितले की पोरगा गुणी आहे, त्याला रागे भरू नका. पाडव्याला गाडी त्याच्या वस्तीवर पोहोचली.

आदल्या रात्री मी म्हटले होते, “ताई, मीही येतो. मला रजा टाकता येईल.”

“नको,” ती दोरा ओवता ओवता म्हणाली. “तू शाळेत जा.”